सैन्यातून निघताना हाती पडणारा कागद

अमेरिकेत सैन्यातली नोकरी संपली की प्रत्येकाला ‘डीडी २१४’ नावाचा फॉर्म मिळतो. प्रशिक्षण कुठे झालं, कोणत्या मोहिमेवर गेलात, कोणती पदकं मिळाली, हे सगळं त्यात असतं. पण पुढच्या आयुष्याचं भवितव्य ठरतं ते खालच्या काही चौकटींत. सेवा कोणत्या दर्जाची मानली गेली, ती संपण्याचं कारण काय, आणि पुन्हा भरती होता येईल की नाही, एवढ्याच त्या नोंदी. या फॉर्मची एक छोटी प्रतही मिळते, तिच्यात या चौकटी नसतात. नोकरी देणारे मात्र बहुधा मोठी प्रतच मागतात.

दर्जांची उतरंड अशी. सर्वांत वर ‘ऑनरेबल’, म्हणजे सन्मानपूर्वक सेवामुक्ती. त्याखाली ‘जनरल’: सेवा एकंदरीत ठीक, पण कुठेतरी डाग. त्याखाली ‘अदर दॅन ऑनरेबल’, ज्याला सगळे ओटीएच म्हणतात. अगदी तळाचे ‘बॅड कंडक्ट’ आणि ‘डिसऑनरेबल’ हे दोन दर्जे फक्त लष्करी न्यायालयच शिक्षा म्हणून देऊ शकतं. ओटीएचला मात्र न्यायालयात गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, प्रशासकीय कारवाई पुरते. ‘जनरल’ मिळालेल्याला माजी सैनिकांच्या दवाखान्यात उपचार मिळतात, पण ‘जीआय बिल’ या कायद्याखाली कॉलेजच्या शिक्षणाचा जो खर्च सरकार उचलतं, तो मिळत नाही. त्यासाठी ऑनरेबलच लागतो. ओटीएचवाल्याला तर जवळजवळ प्रत्येक दारात आधी आपली पात्रता सिद्ध करावी लागते. अशा कागदांना माजी सैनिक ‘बॅड पेपर’ म्हणतात. २००१ नंतर सेवेत गेलेल्यांपैकी सुमारे सव्वा लाख माजी सैनिक अशा कागदामुळे माजी सैनिक कल्याण खात्याच्या मूलभूत सेवांपासून दूर राहिले, असं २०१६ मध्ये हार्वर्डच्या विधी महाविद्यालयातल्या एका गटाने सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स’ या संस्थेसाठी केलेल्या अहवालात दाखवून दिलं.

हा कागद मिळालेला प्रत्येक जण निर्दोष असतो असा माझा दावा नाही. पण त्यांतल्या फार मोठ्या संख्येच्या बाबतीत सैन्याने आजाराची लक्षणं पाहिली आणि त्यांची नोंद चारित्र्याच्या खात्यात केली, एवढं मात्र आता कागदोपत्री सिद्ध झालेलं आहे.

इराकहून परतलेला एकवीस-बावीस वर्षांचा एखादा शिपाई डोळ्यांसमोर आणा. रात्र रात्र झोप नाही. झोप यावी म्हणून दारू, दारूने भागेना म्हणून गांजा. सकाळच्या हजेरीला उशीर होतो. सार्जंटने आवाज चढवला की हा अंगावर धावून जातो. पुन्हा त्याच देशात जाण्याचा हुकूम आला की छावणीतून नाहीसा होतो. आता आघातोत्तर तणाव विकाराची, म्हणजे पीटीएसडीची, मानसोपचाराच्या पुस्तकांतली लक्षणं बघा. झोप उडणं, संताप, स्वतःच्या जिवाची पर्वा न करणं, आणि त्या आघाताची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसं, आवाज टाळणं. सैन्यात टाळणं म्हणजे गैरहजेरी आणि गैरहजेरी म्हणजे गुन्हा. गांजा लघवीच्या तपासणीत सापडतो, झोप न लागल्याचा अहवाल कुठेच येत नाही. वैद्यकीय मंडळापुढे प्रकरण नेलं तर महिनोन् महिने जातात आणि तोवर तुकडीतली जागा अडून राहते. गैरवर्तनाच्या कारणाखाली बाहेर काढणं त्या मानाने झटपट होतं. तैनातीची तारीख डोक्यावर असलेला अधिकारी दुष्ट असायची गरज नाही, सोपी वाट समोर असली की पुरे.

याचा आकार किती मोठा आहे ते अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये मोजलं. २०११ ते २०१५ या काळात गैरवर्तनाच्या कारणावरून ९१,७६४ जणांना सैन्यातून काढलं होतं. त्यांपैकी ५७,१४१ जणांना, म्हणजे ६२ टक्क्यांना, बाहेर पडण्याआधीच्या दोन वर्षांत पीटीएसडी, मेंदूला झालेली इजा किंवा तत्सम एखादा विकार असल्याचं निदान सैन्याच्याच डॉक्टरांकडे झालेलं होतं. या ५७ हजारांतल्या १३,२८३ जणांच्या हाती ओटीएच पडला. विशेष म्हणजे युद्धभूमीवरून परतलेल्याला असा विकार असेल, तर ओटीएच देण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी करून आजार आणि वर्तन यांचा संबंध तपासा, असा कायदा तेव्हाही होता. त्या नियमांचं पालन सगळीकडे सारखं होत नव्हतं, हेही त्याच अहवालात आहे.

यात एक पोटप्रकार आहे, तो अधिक दुखरा वाटतो. २००१ नंतरच्या सहा वर्षांत सुमारे २२,५०० सैनिकांना ‘व्यक्तिमत्त्व विकार’ असं कारण लिहून घरी पाठवलं गेलं. दर्जा बहुधा ऑनरेबलच, म्हणून वरवर सगळं ठीक दिसतं. पण व्यक्तिमत्त्व विकार हा सेवेत येण्याआधीपासूनचा मानला जातो, त्यामुळे अपंगत्वाचा भत्ता नाही, आणि नोकरी देणाऱ्याच्या समोर जाणाऱ्या कागदावर हे दोन शब्द कायमचे. भरतीच्या वेळी सगळ्या तपासण्यांतून धडधाकट ठरलेल्या मुलांचं व्यक्तिमत्त्व युद्धावरून आल्यावर एकाएकी जन्माचं बिघडलेलं कसं ठरलं, हा प्रश्न पत्रकारांनी आणि संसद सदस्यांनी लावून धरला, तेव्हा २००८ मध्ये संरक्षण खात्याने असं निदान वरच्या पातळीवर तपासून घेण्याचा नियम केला. दर्जा चांगला असूनही केवळ लिहिलेलं कारण बदलून मिळावं म्हणून अर्ज करणारे जे असतात, त्यांत ही मंडळी बरीच.

आणखी एक वाट आहे, ती सैनिक स्वतःच्या सहीने पत्करतो. लष्करी न्यायालयात खटला उभा राहण्याची वेळ आली की त्याला पर्याय दिला जातो: खटल्याऐवजी सेवामुक्ती मागून घे. पायदळाच्या नियमावलीत हे दहावं प्रकरण आहे, म्हणून बोलताना नुसतं ‘चॅप्टर टेन’ म्हणतात. तुरुंगाची भीती, घरी जाण्याची ओढ आणि डोक्यातला कल्लोळ, अशा अवस्थेत विशीतला मुलगा काय वाचून सही करणार? शिवाय छावण्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या एक समजूत फिरते, की सहा महिने गेले की असा कागद आपोआप ऑनरेबल होतो. ती पूर्णपणे खोटी आहे. आपोआप काहीही होत नाही. अर्ज करावा लागतो आणि तो सिद्ध करावा लागतो. या एका गैरसमजापायी वर्षं वाया गेलेली माणसं फार आहेत.

कागदाने माणसाला बाजूला टाकण्याचा इतिहास जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात निळ्या कागदावर छापलेली एक सेवामुक्ती होती, ना सन्मानाची ना अपमानाची. ती कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी अधिक आली. सैन्यात ते साडेसहा टक्क्यांच्या आसपास होते, निळे कागद मिळालेल्यांत मात्र २२ टक्के. समलिंगी म्हणून ओळखल्या गेलेल्यांनाही तोच कागद मिळे. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि १९४७ मध्ये निळा कागद बंद झाला. त्याच सुमारास दुरुस्तीची यंत्रणाही उभी राहिली. १९४४ च्या जीआय बिलात सेवामुक्तीचा फेरविचार करणारी मंडळं आली, १९४६ च्या कायद्याने नोंदी दुरुस्त करणारी मंडळं आली. आजही याच दोन दारांतून जावं लागतं.

दारं होती, पण व्हिएतनामच्या सैनिकांपुढे वेगळीच अडचण होती. ते परतले तेव्हा त्यांच्या आजाराला वैद्यकशास्त्रात नावच नव्हतं. पीटीएसडी हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आलं १९८० मध्ये. तोवर सुमारे २ लाख ६० हजार जण ओटीएचचा तेव्हाचा अवतार असलेला ‘अनडिझायरेबल’, म्हणजे ‘नको असलेला’, असा शिक्का घेऊन घरी गेलेले होते. त्यांतल्या कुणी पुढे अर्ज केला, की मंडळ त्या काळचे कागद काढायचं, त्यांत पीटीएसडीचा उल्लेख शोधायचं आणि तो नाही म्हणून अर्ज फेटाळायचं. जे नाव अस्तित्वातच नव्हतं त्याची नोंद कुठून सापडणार?

हे बदललं ते न्यायालयाच्या दारात गेल्यावर. २०१४ मध्ये येल विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी व्हिएतनाममध्ये लढलेल्या कॉन्ली मंक आणि इतरांच्या वतीने दावा लावला. मंक कृष्णवर्णीय मरीन होते, लढाई पाहून आलेले, आणि अनेक दशकं तो शिक्का घेऊन जगलेले. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला संरक्षण मंत्री चक हेगल यांनी मंडळांना लेखी आदेश दिला, की पीटीएसडीच्या आधारावर आलेल्या अर्जांकडे उदारपणे पाहा. हेगल स्वतः व्हिएतनाममध्ये जखमी झालेले शिपाई होते. आदेशानंतर काय झालं ते येलच्या पाहणीत दिसतं. पायदळाच्या दुरुस्ती मंडळाकडे पीटीएसडीच्या कारणाने आलेले अर्ज मंजूर होण्याचं प्रमाण २०१३ मध्ये ३.७ टक्के होतं, ते पुढे ४५ टक्क्यांवर गेलं. माणसं तीच, आजार तोच, पुरावेही बरेचसे तेच. बदलली होती ती वाचणाऱ्याची नजर. तरीही अर्ज करणारे मूठभरच होते, कारण बहुतेकांपर्यंत ही बातमी पोचलीच नव्हती.

इराकच्या पिढीतलं एक नाव इथे घ्यायला हवं, क्रिस्टोफर गोल्डस्मिथ. बगदादच्या सद्र सिटीत मृतदेहांची छायाचित्रं काढून नोंद ठेवण्याचं काम त्याच्याकडे होतं. २००७ मध्ये पुन्हा इराकला जाण्याच्या तोंडावर त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. तो वाचला, आणि सैन्याने त्याला गैरवर्तनाखाली जनरल देऊन काढलं. शिक्षणाची मदत गेली. स्वतःचा कागद सुधारून मिळण्याची वाट बघत असतानाच त्याने संसदेत खेटे घातले, आणि २०१६ च्या अखेरीस हा उदार दृष्टिकोन कायद्यात उतरला. नुसत्या आदेशापेक्षा कायदा अधिक टिकाऊ, हे त्याला बरोबर उमगलं होतं.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे येऊ. सेवामुक्तीला १५ वर्षं झाली नसतील तर फेरविचार मंडळाकडे ‘डीडी २९३’ हा फॉर्म जातो. त्याहून अधिक काळ लोटला असेल, किंवा ‘जनरल कोर्ट मार्शल’ या लष्करी न्यायालयाने दिलेली शिक्षा असेल, किंवा वैद्यकीय निवृत्तीसारखं काही मागायचं असेल, तर दुरुस्ती मंडळाकडे ‘डीडी १४९’. तिथे चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या दृष्टीने ती माफ करता येते आणि मानसिक आजाराच्या प्रकरणांत ती उदारपणे माफ करा, असं २०१६ पासून मंडळांना सांगितलेलं आहे. अर्जाला शुल्क नाही. फेरविचार मंडळापुढे स्वतः बोलण्याची संधी मागता येते, आणि मला वाटतं जमेल त्याने ती घ्यावी. दुरुस्ती मंडळ मात्र बहुतेक वेळा कागदांवरूनच निर्णय देतं.

निर्णय कसा होतो याची चौकट २५ ऑगस्ट २०१७ च्या एका आदेशात आहे. त्यावर संरक्षण खात्यातल्या ए. एम. कुर्टा यांची सही आहे, म्हणून वकील त्याला ‘कुर्टा मेमो’ म्हणतात. त्यात मंडळाने स्वतःला विचारायचे चार प्रश्न आहेत. सेवामुक्तीला कारण ठरलेल्या वागण्याचा दोष कमी करील असा काही आजार किंवा अनुभव होता का? तो सेवाकाळातला होता का? त्या आजाराने ते विशिष्ट वागणं खरोखरच समजावून सांगता येतं का? आणि दोन्ही तराजूत घातले तर आजाराचं पारडं जड होतं का?

पहिल्या दोन प्रश्नांत हा आदेश फार उदार आहे. त्या काळी निदान झालेलंच हवं अशी अट नाही. स्वतः सैनिकाचं निवेदनही पुरावा ठरू शकतं. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्री-पुरुषांनी तेव्हा तक्रार केली नव्हती म्हणून त्यांना खोटं ठरवायचं नाही. एकाएकी मागितलेली बदली, अचानक खालावलेलं काम, गर्भधारणेची किंवा गुप्तरोगाची करून घेतलेली चाचणी, अशा आडवळणाच्या खुणाही मंडळाने पाहायच्या. ज्या वागण्यासाठी काढून टाकलं ते वागणंच आजाराचा पुरावा असू शकतं, हेही मान्य केलेलं आहे. ऑनरेबल मिळण्यासाठी सेवा निष्कलंक असावी लागत नाही, असंही त्यात स्पष्ट आहे.

बहुतेक अर्ज अडतात ते तिसऱ्या प्रश्नावर. मला आजार होता आणि मी गुन्हा केला, ही दोन वाक्यं शेजारी ठेवून भागत नाही. त्यांच्यामधला दुवा दाखवावा लागतो. रात्रीची स्वप्नं, ती बुडवायला घेतलेला गांजा, मग तपासणीत सापडणं, हा दुवा मंडळाला पटतो. तैनातीच्या ठिकाणी परत जायच्या विचाराने पळून जाणं, हाही पटतो. पण महिनाभर आखून केलेली अफरातफर पीटीएसडीने समजावून सांगता येत नाही. आखणी करून केलेल्या गैरवर्तनाला आजार सहसा सबब ठरत नाही, असं तोच आदेश सांगतो.

म्हणून डॉक्टरांचं पत्र कसं आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. ‘यांना पीटीएसडी आहे’ एवढ्या एका ओळीच्या पत्राचा फारसा उपयोग नाही. आजार तेव्हाही होता असं का वाटतं, आणि त्या विशिष्ट दिवसाच्या त्या विशिष्ट वागण्यात तो कसा उतरला, हे डॉक्टरांनी लिहायला हवं. जोडीला सैन्यातल्या सोबत्यांची पत्रं, ज्यांनी आधीचा माणूस आणि नंतरचा माणूस दोन्ही पाहिले. आई, बायको, भाऊ यांची पत्रं. तैनातीपूर्वीचे चांगले शेरे आणि नंतरची घसरण तारखांनिशी एकाखाली एक. जुने कागद सेंट लुईसच्या अभिलेखागारातून मागवता येतात, पण तिथे १२ जुलै १९७३ ला लागलेल्या आगीत पायदळाच्या १९१२ ते १९५९ या काळातल्या सुमारे ८० टक्के व्यक्तिगत नोंदी जळाल्या. त्या काळातल्या वृद्धांना सोबत्यांच्या साक्षीचाच काय तो आधार.

इथेच या व्यवस्थेचा क्रूरपणा आहे असं मी मानतो. ज्याला त्या दिवसांची आठवण टाळल्याशिवाय जगता येत नाही, त्यालाच ते दिवस तारीखवार लिहून काढायला सांगितलं जातं. अर्ज अर्धवट सोडून देणारे आळशी नसतात. त्यामुळे एकट्याने बसून हे करू नये. येल, हार्वर्ड यांसारख्या विद्यापीठांतली कायदा केंद्रं, ‘स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स’, ‘नॅशनल व्हेटरन्स लीगल सर्व्हिसेस प्रोग्रॅम’ अशा संस्था हे काम पैसे न घेता करतात. मंडळांचे जुने निर्णयही नावं काढून प्रसिद्ध केलेले असतात. आपल्यासारखं प्रकरण शोधून त्याचा दाखला देणं हा वकिलांचा नेहमीचा मार्ग आहे.

नकार आला तरी गोष्ट संपत नाही. नवा पुरावा घेऊन पुन्हा जाता येतं. इराक-अफगाणिस्तानच्या सैनिकांनी पायदळ आणि नौदल यांच्याविरुद्ध लावलेल्या सामूहिक दाव्यांत २०२१-२२ मध्ये तडजोडी झाल्या, आणि उदार दृष्टिकोन नीट न लावता फेटाळलेले हजारो जुने अर्ज पुन्हा उघडणं दोन्ही दलांना भाग पडलं.

शिस्तीचं काय, हा आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणारे बरेचदा स्वतः माजी सैनिकच असतात. त्याच आजाराने ग्रासलेले आणि तरीही हजेरी न चुकवलेले त्यांनी पाहिलेले असतात. त्यांचा मान ठेवूनही मला वाटतं, की चौथा प्रश्न त्यासाठीच आहे. मंडळ तिथे थांबून वजन करतं आणि अनेकदा नाही म्हणतं. आपल्याकडेही २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाबाबत याच दिशेचं तत्त्व सांगितलं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या ज्या घरांतून पिढ्यान् पिढ्या सैन्यात माणसं जातात, त्यांनी हा निकाल माहीत करून घ्यायला हवा.

अमेरिकेत स्थायिक होऊ पाहणाऱ्यांसाठी एक मुद्दा वेगळाच महत्त्वाचा आहे. ग्रीन कार्डवर असलेला तरुण सैन्यात गेला तर सेवेच्या आधारावर नागरिकत्व लवकर मिळू शकतं, पण त्यासाठी दर्जा ऑनरेबल किंवा जनरल लागतो. अशा मुलाने ‘चॅप्टर टेन’च्या कागदावर सही करण्याआधी लष्करी वकिलाबरोबर स्थलांतराच्या वकिलालाही विचारावं.

उपचारांसाठी मात्र कागद सुधारण्याची वाट बघू नये, हे या विषयातलं सर्वांत तातडीचं सांगणं. माजी सैनिक कल्याण खातं दर्जाचा स्वतंत्र निर्णय करतं आणि त्यासाठी मंडळाच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. जून २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याने मानसिक आजार, अत्याचार, दीर्घ तैनाती अशा परिस्थितीचाही विचार करायचा आहे. ओटीएच असलेल्यांनाही मानसिक आरोग्याची सेवा देण्याची सोय २०१७-१८ पासून आहे, आणि जीव धोक्यात असेल तर जानेवारी २०२३ पासून तातडीचे उपचार बहुतेकांना विनाखर्च मिळतात. फोनवर ९८८ लावून १ दाबला की माजी सैनिकांसाठीची मदतवाहिनी लागते. तिथे आधी दर्जा विचारत नाहीत.

अर्ज मंजूर झाला की नवा डीडी २१४ येतो. अनेकदा जुन्या कारणाच्या जागी ‘सेक्रेटेरियल ऑथॉरिटी’ असे दोन कोरडे शब्द असतात, ज्यांतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि तेच हवं असतं. तो कागद आला म्हणून भत्ते सुरू होत नाहीत. शिक्षणासाठी वेगळा अर्ज, अपंगत्वासाठी वेगळा, घरकर्जासाठी वेगळा, आणि हे अर्ज नव्या कागदाची प्रत जोडून लगेच करावेत, कारण मधल्या सगळ्या वर्षांची भरपाई सहसा मिळत नाही.